घरगुती पडद्यावरील भविष्यकाळ : विज्ञानपटांच्या लघुमापी प्रती आणि पाठचिकित्सा

१. प्रश्नाची मांडणी

साहित्यकृती आणि तिचे चित्रपटरूप यांचा तौलनिक अभ्यास करताना कादंबरीची कोणती आवृत्ती आधाराला घेतली, अनुवाद कोणाचा, त्यात काय गाळले गेले, याची नोंद अभ्यासक काटेकोरपणे करतात. चित्रपटाच्या बाबतीत मात्र ही सावधगिरी क्वचितच पाळली जाते. हाताशी आलेली प्रत हीच त्या चित्रपटाची संहिता, असे आपण सहज गृहीत धरतो. प्रत्यक्षात विसाव्या शतकातील बहुसंख्य चित्रपट एकाहून अधिक पाठांत वावरत आले आहेत. देशोदेशीच्या सेन्सॉरांनी, वितरकांनी आणि पुनर्वितरकांनी त्यांत कापाकापी केली, शीर्षके बदलली, कथानकाचे दुवे तोडले आणि नवे जोडले. म्हणजेच चित्रपटालाही 'वाचना' आहेत, प्रक्षेप आहेत आणि लुप्त पाठही आहेत.

या दृष्टीने पाहता एक उपेक्षित साधन अभ्यासकाच्या विशेष उपयोगाचे ठरते. ते म्हणजे चित्रपटगृहातील ३५ मिलिमीटर फिल्मऐवजी अरुंद पट्टीवर, घरात दाखविण्यासाठी तयार केलेल्या लघुमापी प्रती. युरोप-अमेरिकेत अशा प्रती जमविणाऱ्यांचा एक छोटा पण चिवट समुदाय १९२०च्या दशकापासून आहे, आणि त्याच्या आवडीच्या प्रकारांत विज्ञानपटाचे स्थान पहिल्यापासून वरचे राहिले आहे. या प्रती निकृष्ट नकला नसून स्वतंत्र साक्षी आहेत, आणि त्यांच्याकडे हस्तलिखिताच्या शिस्तीने पाहिले पाहिजे, हे दाखविणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. माध्यमाचे स्वरूप

चित्रपटगृहातील ३५ मिलिमीटर फिल्म १९५०च्या सुमारापर्यंत नायट्रेटवर काढली जाई. ती अतिशय ज्वालाग्राही असल्यामुळे घरी वापरणे धोक्याचे होते. फ्रान्समधील पाथे कंपनीने १९२२च्या अखेरीस ९.५ मिलिमीटरची 'पाथे-बेबी' पद्धती आणि अमेरिकेतील कोडॅक कंपनीने १९२३मध्ये १६ मिलिमीटर फिल्म बाजारात आणली. दोन्ही सहज पेट न घेणाऱ्या ॲसिटेटवर होत्या. पुढे कोडॅकनेच १९३२मध्ये ८ मिलिमीटर आणि १९६५मध्ये 'सुपर ८' ही मापे आणली. सुपर ८मध्ये पट्टीची रुंदी तीच असली तरी कडेची छिद्रे लहान केल्यामुळे चित्राची चौकट मोठी झाली. तरीही ती जेमतेम ५.८ मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर उंच होती. एवढ्याशा चौकटीत परग्रहावरचे नगर किंवा राक्षसी कोळी मावत असे आणि दिवाणखान्यातील चादरीवर तो पुन्हा मोठा होत असे.

माध्यमाच्या या तांत्रिक तपशिलांना पाठदृष्ट्या अर्थ आहे. पाथेच्या ९.५ मिलिमीटर पट्टीचेच उदाहरण घ्यावे. मूकपटातील शीर्षक-पाट्या वाचून होईपर्यंत पडद्यावर राहाव्या लागतात, आणि त्यासाठी बरीच फिल्म खर्ची पडते. पाथेने यावर सोपा उपाय काढला. पाटी एकदोन चौकटींतच छापायची आणि पट्टीच्या कडेला एक खाच ठेवायची. खाच आली की प्रोजेक्टरमधील यंत्रणा ती चौकट काही सेकंद तशीच धरून ठेवी आणि मग फिल्म पुढे सरके. म्हणजे वाचनाचा अवकाश फिल्मवर नव्हताच. तो खाच आणि यंत्र यांच्या संयोगातून निर्माण होत होता. आज अशी पट्टी खाच न ओळखणाऱ्या यंत्रावर चालविली किंवा जशीच्या तशी स्कॅन केली, तर पाटी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच निघून जाते. ज्याला खाचेचा अर्थ ठाऊक नाही, त्याच्या दृष्टीने तो चित्रपट जवळजवळ निःशब्द होतो. जुन्या पोथीतील विरामचिन्हांचा संकेत न कळल्यामुळे ओव्यांची सीमा चुकावी, तसाच हा प्रकार आहे.

३. संक्षेप : आठ मिनिटांचे ग्रहयुद्ध

लघुमापी प्रतींचे अभ्यासाच्या सोयीसाठी दोन वर्ग करता येतात. पहिला संक्षेपांचा, दुसरा साक्षी-प्रतींचा.

संक्षेपांचे प्रमुख उदाहरण म्हणजे अमेरिकेतील कॅसल फिल्म्स. युजीन कॅसल यांनी १९२४मध्ये स्थापन केलेली ही संस्था १९३७पासून घरगुती प्रेक्षकांसाठी वृत्तपट व लघुपट विकू लागली. १९४७मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओच्या उपकंपनीने ती घेतली. त्यामुळे त्या स्टुडिओच्या भयपटांचे आणि १९५०च्या दशकातील विज्ञानपटांचे भांडार तिच्यासाठी खुले झाले. 'इट केम फ्रॉम आउटर स्पेस' (१९५३), 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून' (१९५४), 'टॅरंट्युला' (१९५५) यांसारखे चित्रपट सुमारे २०० फुटांच्या एका रिळात बसविले गेले.

हे रीळ म्हणजे नेमके किती, हे गणिताने स्पष्ट होते. सुपर ८ फिल्मच्या एका फुटात ७२ चौकटी असतात. २०० फुटांत १४,४०० चौकटी झाल्या. बोलपटाच्या २४ चौकटी प्रतिसेकंद या वेगाने त्या दहा मिनिटांत संपतात. आरंभीच्या आणि अखेरच्या पाट्या वगळल्या की संक्षेपकाराच्या हाती आठ-नऊ मिनिटे उरतात. सव्वा ते दीड तासाचा चित्रपट एवढ्यात बसवायचा म्हणजे काय ठेवायचे आणि काय टाकायचे, याचा निर्णय अटळ होतो. शिवाय बहुसंख्य घरांत ध्वनीची सोय नव्हती. म्हणून मूक आवृत्तीत संवादांच्या जागी त्रोटक वाक्ये चित्रावरच छापली जात. १९५०च्या दशकातील बोलपट अशा रीतीने पुन्हा १९२०च्या दशकातील मूकपटासारखा होई.

या संक्षेपांत काय टिकले, हे लक्षणीय आहे. 'धिस आयलंड अर्थ' (१९५५) हा चित्रपट रेमंड एफ. जोन्स यांच्या कादंबरीवर आधारित आहे. परग्रहावरील संस्कृती आपल्या युद्धासाठी पृथ्वीवरील शास्त्रज्ञांचे ज्ञान वापरून घेऊ पाहते, हा त्याचा गाभा. दोन मोठ्या शक्तींच्या संघर्षात लहान भूमी वेठीला धरली जाण्याचा अर्थ त्याच्या शीर्षकातील 'बेट' या प्रतिमेत सूचित होतो. कॅसलने त्याचा संक्षेप विकला तो 'वॉर ऑफ द प्लॅनेट्स' या नावाने. बेट गेले, युद्ध राहिले. शास्त्रज्ञाचा नैतिक पेच संवादांतून उलगडणारा असल्यामुळे त्याला आठ मिनिटांत जागा मिळणे कठीण. उल्कांचा मारा आणि विद्रूप प्राणी यांना संवादांची गरज नव्हती. शीर्षकातील हा बदल म्हणजे संक्षेपकाराने केलेले भाष्यच होय.

तथापि या संक्षेपांना केवळ विद्रूपीकरण म्हणून बाजूला सारणे योग्य ठरणार नाही. विज्ञानपटाचे अभिग्रहण कसे घडले, हे समजून घ्यायचे तर हीच रिळे पाहावी लागतात. १९५८पासून निघणाऱ्या 'फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड' या मासिकात, ज्याचे संपादक फॉरेस्ट अकरमन होते, या रिळांच्या जाहिराती छापून येत आणि मुले ती टपालाने मागवीत. व्हिडिओ कॅसेट येण्यापूर्वी प्रेक्षकाला चित्रपटाची मालकी मिळण्याचा हा एकच सर्वसामान्य मार्ग होता. टीव्हीवरील चित्रपट दूरचित्रवाणी केंद्राच्या मर्जीने दिसे आणि नाहीसा होई. रीळ मात्र पुन्हापुन्हा चालविता येई, थांबविता येई, उलटे फिरविता येई. एका पिढीने हा प्रकार आत्मसात केला तो कादंबरीसारखा सलग वाचून नव्हे, तर सुभाषितासारखा घोकून. तंत्र-चमत्कृतीची दृश्ये हाच विज्ञानपटाचा गाभा, ही समजूत दृढ होण्यात या संक्षेपांचाही वाटा असला पाहिजे, असे म्हणण्यास जागा आहे. 'स्टार वॉर्स' (१९७७) प्रदर्शित झाल्यावर केन फिल्म्सने त्याचा सुपर ८ संक्षेप काढला, तोवर ही परंपरा तीन दशकांची झाली होती. पुढे १९८०च्या दशकात व्हिडिओमुळे हा व्यवसाय अमेरिकेत ओसरला. इंग्लंडमधील डेरॅन ही संस्था मात्र संपूर्ण लांबीच्या चित्रपटांच्या सुपर ८ प्रती विकत राहिली आणि २०११मध्ये बंद झाली.

४. साक्षी-प्रती : 'द लॉस्ट वर्ल्ड'

दुसऱ्या वर्गातील प्रतींचे महत्त्व अधिक मूलगामी आहे. आर्थर कॉनन डॉइल यांच्या १९१२च्या कादंबरीवर आधारित 'द लॉस्ट वर्ल्ड' हा मूकपट १९२५मध्ये आला. हॅरी ओ. हॉइट यांनी तो दिग्दर्शित केला, आणि विलिस ओब्रायन यांनी लहान प्रतिकृतींना चौकटीगणिक हलवून त्यातील डायनोसॉर जिवंत केले. काही वर्षांतच चित्रपटगृहांतील प्रती चलनातून काढल्या गेल्या आणि मूळ दहा रिळांची संपूर्ण आवृत्ती नाहीशी झाली.

उरला तो कोडॅकच्या 'कोडास्कोप' या भाड्याने फिल्म देणाऱ्या ग्रंथालयाचा १६ मिलिमीटर संक्षेप. त्याची लांबी मूळच्या निम्म्याच्या आसपास होती. प्राण्यांची दृश्ये बऱ्याच अंशी राखून मानवी उपकथानकांना त्यात कात्री लावलेली होती. पुढील सुमारे सात दशके 'द लॉस्ट वर्ल्ड' या नावाने जगाने जे पाहिले आणि समीक्षकांनी ज्यावर लिहिले, ते मुख्यतः हा घरगुती संक्षेपच होते. चेक प्रजासत्ताकातील संग्रहात मिळालेल्या सामग्रीच्या आधारे जॉर्ज ईस्टमन हाउस या संस्थेने १९९८मध्ये पुनर्रचना केली आणि २०१६मध्ये लॉब्स्टर फिल्म्सने आणखी पूर्ण आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा या संक्षेपाचे संक्षेपपण ठळक झाले.

येथे एक विरोधाभास नोंदविला पाहिजे. चित्रपटगृहासाठी काढलेली प्रत अधिक पूर्ण, अधिक सुस्पष्ट, पण ज्वालाग्राही आणि कंपनीच्या ताब्यातील. म्हणून ती नष्ट होऊ शकली. घरगुती प्रत अपुरी, लहान, पण सुरक्षित पट्टीवरची आणि अनेक घरांत विखुरलेली. म्हणून ती टिकली. इटालियन पाठचिकित्सक जॉर्जो पास्क्वाली यांनी १९३४मध्ये आग्रहाने मांडलेले सूत्र असे की, उत्तरकालीन प्रत म्हणजे निकृष्ट प्रत नव्हे. तिच्यात दुसऱ्या कोठेही न उरलेला जुना पाठ दडलेला असू शकतो. लघुमापी प्रतींना हे सूत्र तंतोतंत लागू पडते.

केव्हिन ब्राउनलो यांचे उदाहरण या संदर्भात आठवावे. शाळकरी वयात, १९५४मध्ये, त्यांच्या हाती आबेल गान्स यांच्या 'नेपोलियन' (१९२७) या चित्रपटाची ९.५ मिलिमीटरची दोन रिळे आली. उरलेला चित्रपट कोठे आहे, या कुतूहलातून त्यांनी त्या चित्रपटाची पुनर्रचना हे आपले अनेक दशकांचे कार्य केले. त्याच ब्राउनलो यांनी १९५६मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, जर्मनीने इंग्लंड जिंकले असते तर काय झाले असते, या कल्पनेवर 'इट हॅपन्ड हिअर' हा चित्रपट १६ मिलिमीटर फिल्मवर सुरू केला आणि अँड्र्यू मोलो यांच्यासह अनेक वर्षांनी पूर्ण केला. पर्यायी इतिहासाची कल्पना करणारा तरुण आणि लुप्त इतिहासाची रिळे शोधणारा संग्राहक हे एकच होते, हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो.

५. 'मेट्रोपोलिस' : ओरखड्यांसह पाठ

लघुमापी प्रतीच्या पाठमूल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फ्रिट्झ लांग यांच्या 'मेट्रोपोलिस'चे आहे. पटकथा टेआ फोन हार्बू यांची. त्याच कथेची कादंबरीही त्यांनीच लिहिली. (पुढे बेळगाव परिसरातील पत्रकार आयी तेंडुलकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला, हा मराठी वाचकाला जवळचा वाटणारा दुवा.) १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये दाखविलेला चित्रपट ४,१८९ मीटर लांबीचा होता. अमेरिकेतील वितरणासाठी नाटककार चॅनिंग पोलॉक यांनी त्याची फेररचना केली. जर्मनीतही त्याच वर्षी तो छोटा करण्यात आला. सुमारे एक चतुर्थांश भाग गळाला.

हा भाग भरताडीचा नव्हता. रोटवांग या संशोधकाने हेल नावाच्या स्त्रीवर प्रेम केले. ती नगरशास्त्याची पत्नी झाली आणि पुत्रजन्माच्या वेळी मरण पावली. रोटवांगचा यंत्रमानव हा मुळात तिला परत मिळविण्याचा प्रयत्न आहे. इंग्रजीत 'हेल' या नावाचा उच्चार नरकवाचक शब्दासारखा होतो, म्हणून अमेरिकन आवृत्तीतून ते नाव आणि त्यासोबत हे कारणच काढून टाकले गेले. परिणामी विरहातून जन्मलेले यंत्र हे केवळ स्वस्त मजूर घडविण्याचे साधन उरले. विज्ञानकथेतील कृत्रिम मानवाच्या तौलनिक चर्चेत 'मेट्रोपोलिस'चा दाखला देणाऱ्या अनेकांनी नकळत या खंडित पाठावर आपले विवेचन उभारले.

संपूर्ण पाठाची एक प्रत १९२८मध्ये वितरकामार्फत अर्जेंटिनात पोहोचली होती. मान्वेल पेन्या रोद्रिगेस या समीक्षक-संग्राहकाने ती मिळविली आणि ती फिल्म क्लबांत दाखविली जाऊ लागली. १९७०च्या दशकात आगीच्या भीतीने त्या नायट्रेट प्रतीवरून १६ मिलिमीटर निगेटिव्ह काढण्यात आले. जुन्या प्रतीवरील ओरखडे आणि तेलाचे डाग तसेच नव्या फिल्मवर उमटले. पुढे फर्नान्दो मार्तिन पेन्या या अभ्यासकाच्या कानावर एका फिल्म क्लब चालकाची जुनी तक्रार आली. चित्रपट दाखविताना फिल्म जागेवर राहावी म्हणून त्याला दोन तासांहून अधिक वेळ बोट दाबून धरावे लागले होते. तेव्हा चलनात असलेली आवृत्ती इतकी लांब नव्हती. मग हे दोन तास कोठून आले? ही विसंगती ध्यानी घेऊन शोध सुरू झाला आणि २००८मध्ये ब्वेनोस आयरेसच्या चित्रपट संग्रहालयात, पाउला फेलिक्स-दिदिएर या संचालक असताना, ते निगेटिव्ह ओळखले गेले. १२ फेब्रुवारी २०१० रोजी बर्लिन महोत्सवात पुनर्रचित आवृत्ती दाखविण्यात आली. सुमारे २५ मिनिटे परत मिळाली.

या पुनर्रचनेची संपादनपद्धती पाठचिकित्सकाला ओळखीची वाटावी अशी आहे. १६ मिलिमीटरवर उतरविताना मूळ चौकटीची कड कापली गेली होती. संपादकांनी ते चित्र ताणून चौकट भरली नाही. हरवलेल्या कडेच्या जागी काळी पट्टी तशीच ठेवली. ओरखडे शक्य तितके सौम्य केले, पण ते दिसत राहतात. त्यामुळे प्रेक्षकाला प्रत्येक क्षणी कळते की हा भाग कोणत्या प्रतीतून आला आहे. जी दृश्ये तेथेही मिळाली नाहीत त्यांच्या जागी पाट्या घातल्या गेल्या. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या संपादकांनी संदिग्ध पाठाखाली नागमोडी रेघ दिली, त्यामागील प्रामाणिकपणा हाच आहे : पुनर्रचना करावी, पण शिवण लपवू नये.

६. संग्राहकाची भूमिका आणि प्रतींचे आयुष्य

लेखकाच्या हस्ताक्षरातील पोथी न मिळाल्यास आपण मठ, मंदिरे आणि खासगी घराणी यांच्या संग्रहांकडे वळतो. चित्रपटाच्या संदर्भात ही जबाबदारी संग्राहकांनी उचलली, आणि ती बहुधा संशयाच्या छायेत. प्रतीची मालकी आणि कलाकृतीचा प्रताधिकार या दोन भिन्न गोष्टी आहेत; पण १६ मिलिमीटर प्रती हाती कशा आल्या, हे अनेकांना सिद्ध करता येत नसे. 'प्लॅनेट ऑफ द एप्स' (१९६८) या पियेर बूल यांच्या कादंबरीवरील चित्रपटातील अभिनेते रॉडी मॅकडोवॉल यांच्या घरावर डिसेंबर १९७४मध्ये एफबीआयने छापा घातला आणि त्यांचा फिल्म-संग्रह जप्त केला. त्यांच्यावर आरोप ठेवला गेला नाही, परंतु संग्राहकांत भीती पसरली. संग्रहाची उघड नोंद न ठेवण्याच्या वृत्तीमागे अशा घटना आहेत. आणि नोंद नसलेली प्रत अभ्यासकाच्या दृष्टीने जवळजवळ अस्तित्वात नसते.

दुसरे संकट रासायनिक आहे. ईस्टमनकलर पद्धतीच्या जुन्या प्रतींत निळसर-हिरवा रंगद्रव्य-थर आधी विटतो आणि चित्र गुलाबी होत जाते. अशा प्रतीत परग्रहाचे निळे आकाश आणि नायिकेचा चेहरा एकाच लालसर छटेत बुडतात. त्यावरून दिग्दर्शकाच्या रंगयोजनेबद्दल निष्कर्ष काढणे धोक्याचे. ॲसिटेट फिल्म उष्ण-दमट हवेत विघटित होऊ लागली की ॲसिटिक आम्ल सुटते, व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, पट्टी आकसते आणि वाकते. ही क्रिया एकदा सुरू झाली की थंड व कोरड्या साठवणीने ती मंदावते, पण उलटविता येत नाही. या विकाराच्या आरंभीच्या तक्रारी कोडॅककडे १९५०च्या दशकात गेल्या त्या भारत सरकारच्या फिल्म-साठ्यातून, ही बाब आपल्याकडील अभ्यासकांनी विशेष लक्षात ठेवावी. नायट्रेटच्या आगीतून वाचविणारी सुरक्षित पट्टी आपल्या हवामानात तितकीशी सुरक्षित नव्हती.

७. समारोप

भारतात घरगुती संक्षेपांची अशी बाजारपेठ पाश्चात्त्य प्रमाणात उभी राहिली नाही. परंतु १६ मिलिमीटर प्रतींचे महत्त्व येथेही मोठे आहे. फिल्म सोसायटी चळवळ त्यांच्यावर वाढली, आणि १९६४मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने पी. के. नायर यांच्या काळात अशा प्रतींद्वारे जागतिक चित्रपट लहान गावांपर्यंत नेला. २०२२मध्ये या संग्रहालयाचे कार्य राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे सोपविण्यात आले. जानेवारी २००३मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. तेव्हापासून तरी, महाविद्यालयांच्या आणि बंद पडलेल्या सोसायट्यांच्या कपाटांतील १६ मिलिमीटर डबे हे अडगळ नव्हेत, याची जाणीव असायला हवी होती.

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, चित्रपटरूपांतराच्या अभ्यासात कोणत्या प्रतीच्या आधारे विधान केले आहे, तिचे माप, लांबी आणि उगम यांसह सांगणे ही पूर्वअट मानली पाहिजे. दुसरी, संक्षेपाला मूळाची विटंबना न मानता अभिग्रहणाचा पुरावा म्हणून वाचले पाहिजे. काय गाळले यावरून त्या काळाने त्या कलाकृतीत काय पाहिले हे कळते. तिसरी आणि तातडीची, डिजिटल प्रत तयार झाली म्हणून मूळ फिल्म टाकून देता कामा नये. खाच, कडेवरील खुणा, ओरखडा, कापलेली कड हे सारे पाठाचे घटक आहेत आणि स्कॅनमध्ये ते बहुधा उतरत नाहीत. ब्वेनोस आयरेसमध्ये १९७०च्या दशकात १६ मिलिमीटर निगेटिव्ह काढल्यावर मूळ ३५ मिलिमीटर प्रत उरली नाही. ती राहिली असती तर 'मेट्रोपोलिस'च्या चौकटीची हरवलेली कड आज आपल्याला दिसली असती.